सुझदालचं चर्च आणि राहून गेलेलं लुगडं

आयुष्यात एकदाच परदेशात गेलो, आणि तिथे चौथ्याच दिवशी एका चर्चवर टकटक केली म्हणून बोलणी खाल्ली. दारावर नाही, भिंतीवर. दारावर टकटक केली असती तर कोणी काही म्हटलं नसतं.

त्याचं असं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वनखात्याच्या लाकूड डेपोत माझी सारी नोकरी गेली. सागाचा लठ्ठा आला की आधी गोलाई मोजायची, मग मुठीच्या सांध्याने ठोकायचा. भरीव लाकूड एक आवाज देतं, आतून गेलेलं दुसरा. वरून साल कशीही असो, आवाज खोटं बोलत नाही. ही सवय हाताला इतकी लागली की कोणाच्या घरी गेलो तरी मी आधी दाराची चौकट ठोकतो. बायको म्हणते, "लग्नात माह्या बापाच्या मांडवाचे खांब ठोकून पाह्यले होते यायनं. मले तवाच समजाले पाह्यजे होतं."

डोकंही माझं तापट. डेपोतले हमाल माझ्या पाठीमागे मला मिरची साहेब म्हणत. मला माहीत होतं. तोंडावर म्हणण्याची कोणाची टाप नव्हती.

तर रशियात मी गेलो ते मुलीसाठी. मुलगी तिकडे डॉक्टरीला होती. व्होल्गा नदीच्या काठचं शहर, मॉस्कोपासून दूर. नाव लिहीत नाही, कारण तिने तसं बजावलं आहे.

तिला डॉक्टर करायचं ठरलं ती जन्मली त्याच दिवशी. तेव्हा माझी बदली अहेरीच्या पलीकडे, अगदी आतल्या डेपोवर होती. श्रावणातला पाऊस, नाल्याला पूर, दवाखाना पुराच्या त्या बाजूला. बायकोच्या कळा सुरू झाल्या आणि मी, सगळ्या डेपोला धाकात ठेवणारा माणूस, क्वार्टरच्या ओट्यावर बसून लेकरासारखा रडत होतो. डेपोवरच्या एका मजुराची बायको, माडिया आदिवासी बाई, भिजत आली. मला म्हणाली, "सरक." तासाभरात बाळाचं रडणं ऐकू आलं. नाळ तिनेच कापली.

आमच्याकडे रीत आहे. नाळ कापणारीच्या दारात लेकरू न्यायचं, तिच्या पायावर घालायचं आणि तिला लुगडं-चोळी द्यायची. सव्वा महिन्यानंतर नेतात. पण मी त्या दिवशी आनंदाच्या भरात तिला वेगळंच बोलून बसलो. म्हटलं, "बाई, तुह्या दारात अशी नाई आणत हिले. डॉक्टर करून आणीन. तवाच लुगडं नेसवीन तुले. इथी डॉक्टर नाई म्हणून कोणाले रडाची पाळी नाई आली पाह्यजे." ती हात धुवून निघून गेली.

मग माझी बदली झाली, पुन्हा बदली झाली. मुलगी मोठी झाली. बायको दर दोन-चार वर्षांनी म्हणायची, "अवो, एकदा जाऊन येऊ ना. लुगडं देऊन येऊ." मी म्हणायचो, "शब्द दिला आहे. डॉक्टर झाली की जाऊ." बायको म्हणायची, "बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी." मी भडकायचो. विषय तिथेच मिटायचा. त्या भागातला कोणी बाजारात भेटला की बाईचा निरोप हमखास असायचा, पोरगी कशी आहे? मी छाती फुगवून सांगायचो, रशियात आहे, डॉक्टर होऊन राह्यली.

मुलीचं पाचवं वर्ष चालू होतं तेव्हा आम्ही दोघं गेलो. सोबत जवसाची चटणी, लाखोळीची डाळ, आणि बायकोने हट्टाने घेतलेली तांदळाची पिशवी. जून महिना होता. रात्रीचे आठ वाजले तरी तिथे ऊन उभं.

मुलगी रोज आम्हाला काही ना काही पाहायला नेत होती. पहिल्या दिवशी नदीकाठचा कोट. त्याला ते क्रेमलिन म्हणतात. मला वाटायचं क्रेमलिन एकच असतं, मॉस्कोचं. मुलगी म्हणाली, "बाबा, जुन्या गावाले कोट असतेच. आपल्या चांद्याले नाई का?" चांदा म्हणजे आमचं चंद्रपूर. दुसऱ्या दिवशी युद्धात मेलेल्यांचं स्मारक. जमिनीतून ज्योत पेटत होती, विझू देत नाहीत म्हणे. नुकतं लग्न लागलेली एक जोडी तिथे फुलं ठेवायला आली होती. बायकोने हात जोडले, त्या नवरीला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात ओवाळून कानशिलाशी बोटं मोडली. नवरी आधी दचकली, मग हसली, मग आमच्यासोबत फोटो काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुह्यं कॉलेज कवा दाखवतं?"

"सुट्टी आहे ना बाबा, बंद आहे."

"बाहेरून दाखव."

"दाखवतो ना. आधी सुझदाल पाहून घ्या. बसची तिकिटं काढली मी."

व्लादिमीर नावाच्या शहरात बस बदलायची होती. तिथे रस्त्याच्या मधोमध एक भलामोठा पांढरा दरवाजा उभा, सोनेरी दरवाजा म्हणतात त्याला. गाड्या दोन्ही अंगांनी वळसा घालून जातात. मी म्हटलं, "सोनं कुठी आहे?" मुलगी म्हणाली, दारांवरच्या तांब्याच्या पत्र्यांना सोन्याचा मुलामा होता, मंगोल आले तेव्हा गेला असं सांगतात. मग कोणत्या राजाने बांधला, दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा काय झालं, सारं घडाघडा सांगितलं. मी मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे, डॉक्टरीचा अभ्यास सांभाळून हे वाचते. बायकोला म्हटलं, "चांद्याच्या जटपुरा गेटातून जन्मभर आलो-गेलो आपण. त्याच्याबद्दल मले चार वाक्यं नाई सांगता येत."

सुझदाल म्हणजे खेडंच. कुरणं, लहानशी नदी, आणि जिकडे पाहावं तिकडे चर्च. घुमटांना सगळे कांदा म्हणतात. बायको म्हणाली, "कांदा नाई, लसणाचा गड्डा होय तो. नीट पाहा." गावाच्या कडेला जुनी लाकडी घरं, पवनचक्क्या आणि लाकडी चर्च आणून ठेवलेली आहेत. आणून म्हणजे खरंच आणून. दुसऱ्या खेड्यात सुटं केलं, इथे पुन्हा जोडलं. खिडकीवरच्या बाईने आमची दोन तिकिटं फाडली आणि मुलीला नुसतीच मान हलवून आत सोडलं. विद्यार्थ्यांना फुकट असेल, असं मला वाटलं.

चर्चचे घुमट चांदीसारखे चकाकत होते. मी म्हटलं, "पत्रा चांगला मारला आहे."

"पत्रा नोहे, बाबा. लाकडाच्या पट्ट्या आहेत. उन्हापावसानं अशा होतात."

"मले लाकूड शिकवू नको."

जवळ गेलो. लाकडाच्याच पट्ट्या होत्या. मी गप्प झालो, पण हात गप्प बसेना. भिंतीत माझ्या मिठीत मावणार नाहीत असे लठ्ठे एकावर एक रचलेले, कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले. मी ठोकलं. टक. वरचा ठोकला. टक. काय लाकूड होतं! मी कोपऱ्यापर्यंत ठोकत गेलो.

तेवढ्यात डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी राखणदारीण ओरडत आली. भाषा कळत नव्हती तरी शिव्यांचा सूर कळतो. मीही आवाज चढवला. मराठीतून. बायको म्हणाली, "लागले का भांडाले इथीही!" मुलगी धावत मध्ये आली, तिने म्हातारीला काही सांगितलं. त्यातला एकच शब्द मला समजला, पापा.

म्हातारी थांबली. माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि मग अशी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं मनगट पकडलं, मला ओढत मागच्या भिंतीकडे नेलं आणि खूण केली, ठोक. मी ठोकत गेलो. खालून तिसरा लठ्ठा बद्द बोलला. मी बोट ठेवलं. म्हातारीने टाळ्या वाजवल्या. मुलीच्या पाठीवर थाप मारून ती लांबलचक काही तरी बोलली.

"काय म्हणते?"

"काई नाई, बाबा. तुमची तारीफ करून राह्यली."

मुलीचे कान लाल झाले होते. इतकं लांब बोलणं आणि इतका लहान अर्थ. मला तिथेच कळायला पाहिजे होतं. पण मी तारीफ ऐकून फुगलो होतो.

पवनचक्कीपाशी आपल्याकडच्या लोकांचा एक घोळका फोटो काढत होता. त्यातला टोपीवाला एक गृहस्थ मुलीला पाहून हात हलवत आला. "अरे, गाइड मॅडम! आज छुट्टी? पिछले हफ़्ते आपने इतना बढ़िया घुमाया, आज वाला तो कुछ बोलता ही नहीं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आप भी इन्हीं को लीजिए, भाईसाहब. ऐसी गाइड नहीं मिलेगी."

तो गेला. मी तिथल्या बाकावर बसलो. मुलगी समोर उभी राहिली. शाळेत असताना उभी राहायची तशीच, हात मागे धरून.

"कॉलेज कवा सोडलं?"

"दीड वर्ष झालं, बाबा. तिसऱ्या वर्षाले दोनदा नापास झाली. नाव काढलं त्याईनं. मंग इथीच गाइडचा कोर्स घेतला. पुढच्या वर्षी पुरा होते."

"अन् आमाले काऊन नाई सांगितलं?"

ती पहिल्यांदा माझ्या नजरेला नजर देऊन बोलली. "सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. मुडद्याच्या हॉलमधून बाहेर येऊन फोन केला होता मी. म्हटलं, बाबा, मले चक्कर येते, उलटी होते, मले नाई जमणार. तुमी म्हणाले, सवय होते. तुमाले पहिल्या दिवशी आरा मशीनचा आवाज सहन नव्हता झाला, मंग सवय झाली. अन् फोन ठेवून देला."

मला तो फोन आठवला. अगदी स्वच्छ आठवला. घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकांच्या गर्दीत मोटारसायकल बाजूला लावून बोललो होतो. त्यानंतर चार वर्षं दर रविवारी मी विचारायचो, अभ्यास कसा चालू आहे, आणि ती म्हणायची, चालू आहे. लाकडाचा आवाज ओळखणारा मी. तो बद्द आवाज मला दर रविवारी येत होता आणि मी बोट ठेवलं नव्हतं.

पण तेव्हा हे शहाणपण कुठलं सुचायला! तेव्हा तोंडातून निघालं ते असं, "आता लोकाईसमोर तुले काय म्हणून उभी करू? त्या बाईच्या दारात काय म्हणून नेऊ?"

मुलगी रडली नाही. बायको रडली. परतीच्या बसमध्ये तिघं तीन खिडक्यांना बसलो.

दुसऱ्या दिवशी मुलीला सकाळी एक ग्रुप फिरवायचा होता. आधीच ठरलेला, टाळता येत नव्हता. ती गेल्यावर बायकोने चपला घातल्या. "तुमी बसा रागावून. मी तं चालली पोरीले पाह्याले." पाच मिनिटांनी मीही निघालो. राग होता, पण खोलीत एकटा बसून राग कोणावर काढणार?

तिच्या शहरात जुन्या लाकडी घरांची एक गल्ली आहे. खिडक्यांच्या चौकटींवर अशी नक्षी की बाई तोरण विणते तसं लाकूड विणलेलं. तिथे ती वीसेक लोकांसमोर उभी होती. सगळे आपल्याकडचे आईबाप. त्यांची पोरं त्याच आठवड्यात डॉक्टर झाली होती आणि ते पदवीच्या समारंभाला आले होते. माझं नशीब पाहा! मी सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. शेजारच्या माणसाने हळूच विचारलं, "आपका बच्चा भी डॉक्टर बन गया?"

मी म्हणालो, "हां."

झालं. एवढंच बोललो. आजही तो शब्द आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिकडे मुलगी बोलत होती. हिंदीतून, मोकळी, हसत. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. घरी माझ्यासमोर ती हो आणि नाही एवढंच बोलायची. ती एका घराच्या भिंतीपाशी गेली आणि म्हणाली, "अब सब लोग एक काम कीजिए. इस लकड़ी को ऐसे ठोकिए." सगळे ठोकायला लागले. "मेरे बाबा जंगल के लकड़ी डिपो में थे. उन्होंने सिखाया है, लकड़ी को देखो मत, सुनो. मैं हर ग्रुप को यही सिखाती हूँ. सुझदाल की एक दादी तो हर बार पूछती है, तेरे ठोकने वाले पापा कब आएँगे?"

तेव्हा कळलं म्हातारी काल का हसली होती, आणि मुलीने काय सांगितलं नव्हतं.

वीस माणसं भिंत ठोकत होती, आणि मला समोरचं दिसेनासं झालं. बायकोने पदर पुढे केला. मी म्हटलं, "डोळ्यात काई गेलं." ती म्हणाली, "हो, माहीत आहे काय गेलं ते."

ग्रुप गेल्यावर मुलगी आमच्यापाशी आली. म्हणाली, "चहा घेता का, बाबा?" माफी बिफी मागणं मला जन्मात जमलं नाही. मी म्हटलं, "त्या तिसऱ्या घराचा सगळ्यात खालचा लठ्ठा सडून राह्यला आहे. म्युनिसिपालटीले सांग." ती म्हणाली, "सांगतो." आणि मग तिने माझा हात धरला, तो चहाच्या टपरीपर्यंत सोडला नाही.

त्या दिवाळीनंतर ती महिन्याभरासाठी घरी आली. मी स्वतःच म्हटलं, आतल्या डेपोकडे जाऊन येऊ. बायकोने अहेरीच्या बाजारात लुगडं घेतलं, हिरवं, मोठ्या काठाचं. रस्ता आता डांबरी झाला आहे, नाल्यावर पूलही आहे. गाडीत सगळा वेळ मी मनात वाक्यं जुळवत होतो. बाई, शब्द पाळता आला नाही. बाई, पोरगी शिकली, पण डॉक्टर नाही झाली. एकही वाक्य धड जुळत नव्हतं.

नाळ कापणारी ती बाई आता म्हातारी झालेली, अंगणात टोपली विणत बसली होती. डोळ्यांनी फार दिसत नव्हतं. मी नाव सांगितलं तेव्हा हात थांबले. मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. डॉक्टर नाही झाली. माझी चूक. लुगडं आणलं आहे, पण शब्द मोडला.

ती सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "पोरगी कुठी आहे?"

मुलगी पुढे झाली आणि तिच्या पाया पडली. म्हातारीने तिचं तोंड चाचपलं, खांदे चाचपले. मग कुडत्यावरून तिच्या बेंबीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "माह्याच हातची होय," ती म्हणाली. मग माझ्याकडे तोंड करून, "बाबू, डाक्टर सरकार पाठवते. येते, जाते. मी डाक्टर कवा मांगला होता? माह्या हातानं जलमलेलं लेकरू मले एक डाव पाह्याचं होतं. आता डोळे गेल्यावर आनली तू."

तेवीस वर्षं मी एका शब्दासाठी तिला थांबवून ठेवलं होतं, आणि तो शब्द तिने कधी मागितलाच नव्हता. बायको खाली मान घालून लुगड्याची घडी उगाच नीट करत होती.

म्हातारीने ते लुगडं तिथेच, नेसलेल्या लुगड्यावरून खांद्यावर टाकलं, मुलीचा हात धरला आणि वाडीत फिरवायला निघाली. हे माहं घर, ही माह्या सुनेची विहीर, इथी तुह्या बापाचा डेपो होता, त्या ओट्यावर बसून रडत होता तो. दर दारात थांबून सांगायची, माह्या हातची पोरगी आली आहे. माझी गाइड पोरगी तिच्या मागे मुकाट्याने ऐकत चालली होती. आम्ही दोघं त्यांच्या मागे.

चौथ्या की पाचव्या दारात एक बाप्या उठून उभा राहिला. जुना डेपोवरचा, मला ओळखत होता. म्हणाला, "साहेब, हीच का तुमची डॉक्टरीण?"

मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"नाई," मी म्हटलं. "माही पोरगी होय."